लागेल कधीतरी

आमच्या माळ्यावर चढायला स्टूल लागतं, आणि ते स्टूल माळ्यावर आहे.

हे वाक्य मी सहज लिहून गेलो खरा, पण आता वाचताना वाटतं, की आमच्या चाळीसेक वर्षांच्या संसाराचं सार त्यात आलं आहे. स्टूल तिथं कसं गेलं याचा इतिहास फारसा गुंतागुंतीचा नाही. खाली ते सारखं पायांत यायचं, म्हणून एका दिवाळीत 'तात्पुरतं' वर टाकलं. पुढं वर चढायची वेळ आली की शेजारचं स्टूल मागून आणायचं, असा प्रघात पडला. शेजाऱ्यांचं स्टूल खालीच असे, कारण त्यांच्या माळ्यावर ते ठेवायला जागा नव्हती.

नव्या इमारतींत जन्मलेल्यांना माळा म्हणजे काय ते सांगायला हवं. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळाच्या डोक्यावर, छताखाली अडीच फुटांवर जी सिमेंटची फळी घातलेली असते, तिला माळा म्हणतात. ज्या वस्तूविषयी नवराबायकोचं एकमत होत नाही, ती वस्तू तिथं जाते. कोर्टात जसे खटले तुंबतात तशा तिथं वस्तू तुंबतात. फरक इतकाच, की कोर्टात केव्हातरी तारीख लागते.

आमची तारीख यंदा लागली. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास व्हायचा, हे गेली बारा वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत ठरत होतं, आणि बारा वर्षं ठरत असलेली गोष्ट होत नसते या भरवशावर आम्ही निश्चिंत होतो. पण एक दिवस ती झाली. महिन्याभरात जागा खाली करा, तीन वर्षं भाड्यानं राहा, मग नव्या इमारतीत या, असं पत्र आलं. भाड्याच्या जागेला माळा नव्हता. नव्या इमारतीच्या नकाशातही मी आधी माळा शोधला. तिथं 'फॉल्स सीलिंग' असं लिहिलेलं होतं. म्हणजे खोटं छत. वर काहीही नाही, हे झाकायची सोय.

तेव्हा सत्तरी ओलांडलेला मी शेजारच्या स्टुलावर चढलो. खालून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जपून. गुडघे अजून मूळचेच आहेत, ते सांभाळा."

पहिल्यांदा हाताला लागलं ते आमचं स्टूल. त्यामागं टीव्हीचं खोकं होतं. टीव्ही जाऊन वीस वर्षं झाली, पण दुरुस्तीला पाठवायचा झाला तर असावं म्हणून खोकं थर्माकोलसकट शाबूत होतं. तांब्याचा बंब निघाला. त्यात निखारे घालून पाणी तापवू देईल असं न्हाणीघर आता डोंबिवलीत उरलं नसावं. पंपाचा स्टोव्ह निघाला, आणि त्याच्या पोटाशी पिनांचं न फोडलेलं पाकीट. एक लाकडी पाळणा निघाला, ज्यात झोपलेली बालिका आता बंगळूरला लोकांना नोकरीवर ठेवते आणि काढतेसुद्धा. तारेत ओवलेली विजेची बिलं निघाली, १९८३ पासूनची. ती बिलं पाठवणाऱ्या राज्य वीज मंडळाचं २००५ साली विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण आमच्या तारेचं विभाजन झालं नव्हतं. एक बॅग निघाली, तिच्यात एक बॅग, त्या बॅगेत एक पिशवी आणि त्या पिशवीत पिशव्या.

आणि पेले! मुंजीत, लग्नात, बारशात आलेले स्टीलचे पेले, वाट्या, तांबे. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. सातवाहनांनी नाणेघाटात लेख कोरले, आमच्या नातेवाइकांनी पेल्यांवर कोरले. टिकाऊपणाच्या बाबतीत मला पेल्यांची खात्री जास्त वाटते. नाव घातलेला पेला दुसऱ्याला देता येत नाही, मोडीत घालवत नाही आणि पाणी प्यायला कोणी घेत नाही. तो नुसता साक्षीला असतो.

हे सगळं वर का होतं, याचं उत्तर आमच्याकडे दोन शब्दांत देतात. 'लागेल कधीतरी.' प्रत्येक घराण्याचं एक ब्रीद असतं, तसं हे आमच्या घराण्याचं. या दोन शब्दांना हसणं सोपं आहे. लेक हसतेही. पण ते शब्द लोभातून आलेले नाहीत, हे तिला कसं सांगावं? तिच्या हाताशी फोन आहे, त्यावर बोट ठेवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. आम्ही ज्या काळात संसार मांडले त्या काळात गॅसला नंबर लावावा लागे, फोनला नंबर लावावा लागे, स्कूटरला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला तांबडा मिलो आम्ही खाल्ला आहे. ज्यानं मिलोची भाकरी खाल्ली तो उद्यावर सहजी विश्वास ठेवत नाही. तो सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवतो. माळा हे आमचं उद्याबद्दलचं मत होतं.

असो. लेक आठ दिवसांची रजा काढून आली, ती तीन मोठी खोकी घेऊनच. एकावर 'ठेवायचं', दुसऱ्यावर 'द्यायचं' आणि तिसऱ्यावर 'टाकायचं'. तिनं आम्हां दोघांना समोर बसवून मारी कोंडो या जपानी बाईंची पद्धत समजावून सांगितली. या बाईंचं पुस्तक इंग्रजीत २०१४ साली आलं आणि २०१९ साली त्या नेटफ्लिक्सवरून घरोघरच्या पसाऱ्यात शिरल्या. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि आपल्याला आनंदाची लहर जाणवते का ते बघायचं. जाणवली तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा.

मी आयकराच्या कागदांची फाइल हातात घेतली. लहर आली, पण आनंदाची नव्हती. फाइल मात्र ठेवणं भाग होतं. सौभाग्यवतींनी कुकरची जुनी शिटी हातात घेतली. त्यांना काहीच वाटलं नाही, तरी ती 'ठेवायचं'मध्ये गेली. पुढं लेकीनंच कबूल केलं, की तिसरं मूल झाल्यावर आपण घर आवरण्याचा नाद बराचसा सोडून दिला, असं कोंडोबाईंनी स्वतः २०२३ साली सांगितलं आहे. ते ऐकून मला बाईंविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

दोन दिवसांनी खोक्यांची पाहणी झाली. 'ठेवायचं' ओसंडून वाहत होतं. 'टाकायचं'मध्ये फक्त तिन्ही खोक्यांची वेष्टनं होती. 'द्यायचं'मध्ये मात्र बराच ऐवज होता. त्यात सौभाग्यवतींच्या कॉफीच्या रिकाम्या बाटल्या मी घातल्या होत्या आणि माझे दिवाळी अंक त्यांनी घातले होते.

इथं मला अडगळीची व्याख्या सापडली. अडगळ म्हणजे दुसऱ्याची वस्तू. आपली ती जपणूक. माझे दिवाळी अंक हे वाङ्मय, तिच्या बाटल्या हा पसारा. तिच्या दृष्टीनं बाटल्या ही उद्याची लोणची, आणि माझे अंक हे झुरळांचं वसतिगृह. गंमत म्हणजे आपल्या समाजात न साठणारी वस्तू एकच, ती म्हणजे ओटीचा ब्लाउजपीस. तो एका घरात महिनाभरही थांबत नाही. न शिवला जाता, न विटता, तो या ओटीतून त्या ओटीत हिंडत राहतो. खरा परिव्राजक तोच.

रात्री झोप येईना, तेव्हा मी तत्त्वज्ञानाकडे वळलो. (माझी तत्त्वज्ञानाची पुस्तकंही 'द्यायचं'मध्ये होती. ती काढून घेतली.) आपल्याकडे अपरिग्रहाचं माहात्म्य मोठं. जैनांच्या पाच व्रतांत तो आहे, पतंजलीच्या पाच यमांत तो आहे. पतंजली तर म्हणतात, की अपरिग्रहात जो स्थिर झाला त्याला आपल्या जन्माचं, मागच्यापुढच्या जन्मांचंही रहस्य कळतं. इतक्या मोठ्या माणसाशी वाद घालू नये, पण आमचा अनुभव नेमका उलट आहे. मागचे जन्म दिसायला परिग्रहच लागतो. मी माळ्यावर डोकं घातलं आणि दहा मिनिटांत मला तीन जन्म दिसले. एक चाळीतला, एक स्टोव्हचा आणि एक केस असतानाचा.

अमेरिकेतला थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला. त्याच्या टेबलावर चुनखडीचे तीन तुकडे होते. ते रोज पुसावे लागतात असं ध्यानात आल्यावर तो दचकला. मनातल्या सामानावरची धूळ झटकायची राहिली आहे आणि आपण दगड काय पुसत बसलो! त्यानं तुकडे सरळ खिडकीतून फेकले. मला ही गोष्ट फार आवडते. एक तर त्याच्या खिडकीखाली सोसायटीचं आवार नव्हतं, आणि दुसरं म्हणजे ते तुकडे त्याचेच होते.

पण मग काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण मध्ये येते. १९१५ साली मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन होतं. गांधीजी कधीपासून काहीतरी शोधत होते. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, माझी छोटी पेन्सिल. काकासाहेबांनी आपल्याजवळची पेन्सिल पुढं केली. ती नको होती. हवी होती तीच, कारण मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलानं ती त्यांना प्रेमानं दिली होती. शेवटी दोघांनी मिळून शोधली. सापडली तेव्हा ती दोन इंचाचीसुद्धा नव्हती. आता बघा, अपरिग्रहाचा एवढा मोठा उपासक, आणि पेन्सिलीच्या थोटकासाठी जीव टाकतो! कोणी म्हणेल, हा विरोध झाला. मला तसं वाटत नाही. ती पेन्सिल त्यांच्या मालकीची नव्हतीच. एका मुलाचं प्रेम त्यांच्याकडे ठेवीसारखं आलं होतं, आणि ठेव हरवायची नसते.

इथपर्यंत विचार आला आणि मला झोप लागली. तत्त्वज्ञानाचा हा उपयोग कोणी अमान्य करू नये.

रविवारी भंगारवाला आला. तागडी मांडून बसला. लोखंड वेगळं, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. त्याच्या लेखी कुठल्याच वस्तूला नाव नव्हतं, नुसता धातू होता आणि वजन होतं. (योगी म्हणतात तो समभाव मी पहिल्यांदा तिथं पाहिला.) खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या ठेवलेला एक गंजका पत्र्याचा डबा त्यानं उचलून खुळखुळवला आणि म्हणाला, "काका, डब्यासकट तोलू?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. लेकीला वाटलं, मला डबा द्यायचा नाही. ती म्हणाली, "बाबा, आता स्क्रूंसाठीसुद्धा?"

स्क्रूंचं काही नव्हतं. हा खुळखुळाट आणि हा प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता.

१९८६ सालची गोष्ट. ही जागा घेऊन चार वर्षं झाली होती. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या माणसाला जो टापटिपीचा ताप चढतो तो मला भरपूर चढला होता. आई आमच्याकडेच असे. दिवाळीच्या आधी ती आठ दिवस मामाकडे गेली, तेवढ्यात मी घर आवरायला काढलं. तिच्या कॉटखाली डालडाचा डबा होता. उघडून पाहिला, तर आत नुसत्या किल्ल्या. मोडक्या पेटीच्या, हरवलेल्या कुलपांच्या, कुठल्या कुठल्या. त्यांतल्या एकीलाही घरात कुलूप नव्हतं. त्या दिवशीच्या भंगारवाल्यानं डबा खुळखुळवला आणि विचारलं, "शेठ, डब्यासकट तोलू?" मी म्हणालो, "तोल."

तीन रुपये आले.

आई परत आली. चार दिवसांनी, माझी न्याहारी चालू असताना तिनं विचारलं, "डालडाचा डबा कुठं दिसत नाही रे?"

"दिला तो," मी म्हणालो. वर आणखी विनोद केला. "सगळ्या बिनकुलपाच्या किल्ल्या होत्या, आई. विधवाश्रमच होता तो."

आईही विधवाच होती. पण ते मला तेव्हा सुचलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यात एक मोठी होती बघ. लोखंडी. आमच्या घराची."

आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. १९६० नंतर धरणाचं पाणी चढायला लागलं तशी तिथली गावं उठली, त्यात तेही उठलं. माणसं आपापलं किडूकमिडूक घेऊन मिळेल तिथं जाऊन वसली. आजोबा सगळ्यांत शेवटी निघाले, आणि निघताना त्यांनी दाराला कुलूप घातलं. पाण्याला काय कुलूप अडवणार? पण घरातून निघताना कुलूप घालायचं असतं, म्हणून घातलं. किल्ली घेऊन ते मुंबईला आईकडे आले आणि तिच्या हातात देत म्हणाले, "तुझ्याकडं ठेव, पोरांच्या हातून हरवायची."

हे सगळं आईनं मला त्या सकाळी चार वाक्यांत सांगितलं. रडली नाही. उलट माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "जाऊ दे. बरंच झालं. नाहीतरी दार कुठं राहिलंय आता?"

मी तसाच उठून भंगाराच्या दुकानात गेलो. माल आदल्याच दिवशी वितळायला गेला होता. लक्ष्मीपूजनाला आईनं नेहमीसारखी नव्या केरसुणीला हळदकुंकू लावून पूजा केली. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. एक मात्र झालं. त्यानंतर घरात काहीही ठेवायचं झालं, साधी औषधाची बाटली का असेना, की ती आधी विचारायची, "हे इथं ठेवू का रे?"

पुढची तेरा वर्षं ती असं विचारत होती. मी दर वेळी "अगं ठेव की" म्हणत होतो. १९९९ साली ती गेली, तेव्हा तिचं म्हणून जे सामान निघालं ते एका पिशवीत मावलं. समाचाराला आलेली माणसं म्हणाली, "किती निरिच्छ होत्या! कशात म्हणून जीव गुंतला नाही." मी मान डोलावली. तो अपरिग्रह तिचा नव्हता, मी तो तिच्यावर तीन रुपयांत लादला होता, हे समाचाराला आलेल्यांना सांगता येत नाही.

आता मी विचार करतो तेव्हा मला तुकोबांची एक कथा आठवते. सगळ्यांना ठाऊक असलेलीच. दुष्काळानं संसाराची वाताहत झाल्यावर तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. यातला बुडवल्याचा भाग आपण कौतुकानं सांगतो आणि त्याआधीचा भाग घाईत उरकतो. परंपरेनं सांगितलेली कथा अशी, की खतं हातात घेतल्यावर त्यांनी आधी त्यांच्या दोन वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हातात दिला आणि आपला अर्धा तेवढा नदीत सोडला. भावाला वैराग्य आलेलं नव्हतं. त्याचं वैराग्य त्याच्या वतीनं उरकून टाकायचा अधिकार आपल्याला आहे, असं तुकोबांना वाटलं नाही. मला तर वाटतं, कागद बुडवणं एक वेळ जमेल. हातात सगळे कागद असताना आधी वाटणी करणं, हे संताचं काम.

त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. दुसऱ्याची वस्तू टाकतो तेव्हा आपण काहीच सोडत नसतो, फक्त घेत असतो. मग ती वस्तू फुटकी असो, गंजकी असो की बिनकुलपाची.

इतकं ठरलं म्हणजे प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मी डबा परत आत नेला आणि रात्री लेकीला किल्लीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ती ऐकून घेईल, हळवी होईल आणि तिन्ही खोकी मिटवून ठेवील, असा माझा अंदाज होता. ती हळवी झाली, हे खरं. पण मग म्हणाली, "बाबा, उद्या तुमच्यामागं हा माळा मीच उतरवणार ना? कुठला डबा खिळ्यांचा आणि कुठला किल्ल्यांचा, हे मला कोण सांगणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईची वस्तू मी टाकली हा माझा अपराध, इथवर मी आलो होतो. पण तोच अपराध लेकीच्या हातून घडावा याची व्यवस्था मी चाळीस वर्षं, खोक्यामागून खोकं रचून, स्वतःच करत होतो. काही टाकायचं नाही असं म्हणणारा माणस टाकण्याचं काम रद्द करत नाही. ते पुढच्याच्या गळ्यात घालतो.

लेकीकडे यावरही पुस्तक होतंच. स्वीडनमधल्या मार्गारेटा मॅग्नुसन या चित्रकार बाईंनी २०१७ साली ते लिहिलं. तिकडे या कामाला एक शब्दच आहे म्हणे, 'दोस्तेदनिंग'. मरणाआधीची साफसफाई. आपण गेल्यावर आपल्या पसाऱ्याचा ताप मुलांना नको, म्हणून हिंडतंफिरतं असतानाच तो हळूहळू आवरायचा. शब्द जरा अंगावर येतो. पण त्या बाईंनी एक युक्ती सांगितली आहे, ती मला फार माणुसकीची वाटली. ज्या वस्तूंना जगात फक्त आपल्याच लेखी किंमत आहे, अशांसाठी एक लहानसं खोकं करायचं आणि त्यावर लिहून ठेवायचं, हे टाकून द्यावे. म्हणजे मुलांना न उघडता टाकता येतं, आणि टाकल्याचा दोष लागत नाही. परवानगी देऊन गेलेलं असतं.

उरलेले पाच दिवस आम्ही तिघांनी एकच नियम पाळला. आपली वस्तू ज्यानं त्यानं टाकायची. दुसऱ्याची टाकावीशी वाटली, तर आधी तिची गोष्ट विचारायची.

या नियमानं काम फार मंदावेल अशी भीती होती. तसं झालं नाही. निम्म्या वस्तूंना गोष्टच नव्हती. टीव्हीच्या खोक्याबद्दल आम्हां दोघांना मिळून एक वाक्यसुद्धा सांगता आलं नाही, ते लगेच गेलं. विजेची बिलं गेली. काही वस्तूंना गोष्ट होती, पण ती सांगून झाल्यावर वस्तू एकदम हलकी झाली. बंबाचं तसं झालं. कॉफीच्या बाटल्यांबद्दल मी विचारलं तेव्हा सौभाग्यवती जरा वेळानं म्हणाल्या, "नव्या घरात आले तेव्हा फडताळात मांडायला डबेच नव्हते हो. ह्या मांडल्या की घर भरल्यासारखं दिसायचं." हे मला बेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मी बाटल्या पुसून परत त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी तीन ठेवल्या, बाकीच्या आपण होऊन काढल्या. माझे दिवाळी अंक मी मोठ्या उदारपणे एका वाचनालयाला देऊ केले. तिथल्या बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "काका, असे अंक घेऊन रोज कोणीतरी येतं." तेव्हा दहा ठेवले आणि बाकीचे रद्दीत घातले, स्वतःच्या हातानं.

नावं घातलेले पेले मात्र आम्ही तिघं मिळून वाचत बसलो. एकेक नाव वाचायचं, माणूस आठवायचा. जो आठवेना त्याचा पेला मोडीत, जो आठवला त्याच्या पेल्यातून त्या संध्याकाळी चहा प्यायचा. तिघांत नऊ पेले चहा झाला. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि या वेळी तत्त्वज्ञानही उपयोगी पडलं नाही.

माझंही एक लहानसं खोकं झालं आहे, बुटांच्या खोक्याएवढं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'न उघडता टाकावे.' लेकीनं विचारलं, "आत काय आहे?" म्हटलं, "न उघडता, असं लिहिलंय ना?" तुम्हालाही सांगत नाही. सांगितलं तर लिहिण्यात काय अर्थ राहिला? एवढंच सांगतो, की ते आईच्या पिशवीपेक्षा मोठं नाही. ते मी बांधलं तेव्हा कोणाची परवानगी काढावी लागली नाही, एवढा एक फरक आहे.

गेल्या आठवड्यात सामानाचा टेम्पो आला. चार खेपा होतील असं वाटलं होतं, त्या दोनच झाल्या. सगळं उतरवून झाल्यावर भाड्याच्या जागेत, भिंतीशी, आमचं स्टूल दिसलं. सौभाग्यवती त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"अहो, इथं माळा नाही," त्या म्हणाल्या. "नव्या घरातही नाही. मग हे कशाला आणलंत?"

मी त्याच स्टुलावर बसलो होतो.

"लागेल कधीतरी," मी म्हणालो.